बोंडअळी औषधाला का दाद देत नाही?

रुईचा भाव चढला की सूत महागते आणि मालेगाव, भिवंडीच्या मागावर त्याचा असर होतो, हे आपल्या बांधवांना सांगायला नको. पण कधी कधी या भावामागे एक बारीकशी अळी असते. तिची माहिती आपल्या धंद्यात फार थोड्यांना आहे.

२०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले. ज्या बीटी बियाण्याला शेतकऱ्याने जादा पैसे मोजले, त्याच्याच बोंडात अळी निघाली. लोक म्हणाले, अळीला औषधाची सवय झाली. ही समजूत बरोबर नाही. ज्यांच्यावर विष चालते त्या अळ्या मरून जातात. लाखांत एखादी जन्मतःच निराळी असते, ती वाचते आणि पुढची पैदास तिचीच होते. म्हणजे कमजोर अळ्या निवडून काढण्याचे काम आपले औषधच करते.

बीटी कपाशीचे विष झाडातच तयार होते. अळीच्या पोटात गेले की ते आतड्यातील कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, आतड्याला छिद्रे पडतात आणि अळी मरते. शास्त्रज्ञांनी भारतातील चिवट अळ्या तपासल्या, तेव्हा हे प्रथिनच बिघडलेले आढळले. विष पोटात जाते, पण त्याला चिकटायला जागा नाही! एका विषाचे बियाणे आपल्याकडे २००२ मध्ये आले. गुजरातेत अळी त्याला जुमानत नाही, असे २०१० मध्ये खुद्द मोन्सॅन्टो कंपनीने जाहीर केले. २००६ मध्ये आलेले दोन विषांचे बियाणेही पुढे निकामी ठरले.

हिरवी बोंडअळी तूर, हरभऱ्यावरही जगते. तिथे विष नसल्याने तिची साधी नस्ल टिकून राहते. गुलाबी अळीचे पोट मात्र बहुतेक कपाशीवरच. म्हणून बीटीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या होत्या. त्या ओळींतील साधे पतंग चिवट पतंगांशी जुळले की बहुतेक पिल्ले विषाने मरणारी निघतात. त्यासाठी बियाण्यासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळत असे. बऱ्याच शेतकऱ्यांनी ती पेरलीच नाही. जमीन थोडी, त्यात अळीसाठी पीक कोण सोडणार? अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून अशी कपाशी राखली, २००६ पासून वांझ केलेले पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये तेथील सरकारने आपल्या कपाशीतून ही अळी संपल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे आणखी एक घोळ फरदडीचा. वेचण्या संपल्यावरही कपाशी उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवली की अळीला खाणे मिळत राहते. ती सरकीत शिरून सुप्त पडते आणि कापसाबरोबर जिनिंगमध्ये येते. म्हणून जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावावेत, जुनी सरकी, कवडी व कचरा पेरणीआधी निकालात काढावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. ज्या बांधवांचे जिन आहेत त्यांना हा खर्च फार नाही.