नाताळाची बेगमी

पुण्याचा नाताळ म्हटला की महात्मा गांधी रस्त्यावरील रोषणाई आणि ईस्ट स्ट्रीटवरील कयानी बेकरीसमोरची रांग अनेकांच्या डोळ्यांपुढे येते. परंतु या सणाची मुळे या नगरात त्याहून पुष्कळ खोल गेलेली आहेत. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या पदरच्या ख्रिस्ती सैनिकांच्या उपासनेसाठी दिलेल्या जागेवर १७९२ साली ज्याचा आरंभ झाला ते सिटी चर्च, १८२५ साली बिशप हेबर यांच्या हस्ते समर्पित झालेले लष्कर भागातील सेंट मेरीज, १८५० चे सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल आणि गुरुवार पेठेत पंचहौदापाशी १८८५ साली उभे राहिलेले पवित्र नाम देवालय, या उपासनामंदिरांभोवती नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातून आलेली मराठी, गोव्याहून आलेली कोकणी आणि दक्षिणेकडून आलेली तमिळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. यांतील बहुसंख्य घरे मासिक वेतनावर चालणारी; आणि म्हणूनच नाताळच्या खर्चाची तजवीज हा त्यांच्यापुढे दरसाल उभा राहणारा, गंभीरपणे विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे.

या प्रश्नाला महाराष्ट्रात एक विशेष पदर आहे. कायद्याने वेतनाच्या किमान ८.३३ टक्के बोनस हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत, म्हणजे मार्चअखेर वर्ष संपत असल्यास नोव्हेंबरअखेरपर्यंत, देण्याचा दंडक घालून दिला; तथापि प्रघात असा की तो दिवाळीपूर्वी हाती पडतो. ज्या घरी दिवाळी आहे त्या घरी आलेला पैसा त्याच पंधरवड्यात कारणी लागतो. ख्रिस्ती कुटुंबाला मात्र तो सहा-आठ आठवडे जपावा लागतो, आणि तोही अशा काळात की जेव्हा लक्ष्मी रस्त्यापासून तुळशीबागेपर्यंत सारी बाजारपेठ सवलतींच्या पाट्यांनी ग्राहकाला पाचारण करीत असते. म्हणून बोनसची रक्कम हाती येताच तिचा नाताळसाठी मुकर्रर केलेला भाग निराळ्या खात्यात टाकणे, हे या अंदाजपत्रकातील पहिले कलम होय.

परंतु केवळ बोनसवर भिस्त ठेवणे श्रेयस्कर नाही. जानेवारीपासून दरमहा १,००० रुपये बाजूस ठेवले तर नोव्हेंबरअखेर ११,००० रुपये जमतात. पोस्टातील आवर्ती ठेव पाच वर्षांची असल्यामुळे या कामी गैरसोयीची. बँकेत मात्र ती वर्षभराच्या किंवा त्याहूनही कमी मुदतीची मिळते. अनेक घरांतील स्त्रिया भिशी लावतात आणि आपली पाळी नोव्हेंबरात यावी असे आपसांत ठरवून घेतात. ही पद्धत सोयीची खरी, परंतु तिचा सारा डोलारा परस्परांच्या विश्वासावर उभा असल्यामुळे ती पूर्ण परिचयाच्या मंडळींतच लावावी. राज्य शासनाच्या सेवेतील पात्र कर्मचाऱ्यांना सणासाठी बिनव्याजी अग्रिम मिळतो. पण तोही पुढे वेतनातून हप्त्याहप्त्याने वसूल होतो, हे हिशेबात धरले पाहिजे.

रक्कम ठरली की मग तिची वाटणी. येथे बहुतेकांचा क्रम उलटा असतो: आधी खरेदीची यादी होते आणि मग तिच्यासाठी पैसा शोधला जातो. वस्तुतः एकूण आकडा आधी निश्चित करून त्याच्या मर्यादेत बाबी बसविणे हेच अंदाजपत्रकाचे सार आहे. उदाहरणादाखल, वरील ११,००० रुपयांतून फराळ, केक आणि सणाचे जेवण यांस ४,५०० रुपये, कपड्यांस ३,०००, भेटवस्तूंस १,५००, देवालयाची वर्गणी व दानधर्म यांस १,०००, घरोघर येणाऱ्या नाताळगीतांच्या मंडळ्या व पाहुणे यांस ५०० आणि राखीव म्हणून ५०० अशी तरतूद करता येईल. आकडे ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे बदलतील. परंतु दानाची बाब आरंभीच लिहावी, कारण ती उरलेल्या पैशांवर सोडली तर बहुधा काहीच उरत नाही.

खाद्यपदार्थांची बाब सर्वांत मोठी, आणि सर्वांत जिव्हाळ्याचीही. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू, अनारसे असा दिवाळीचाच फराळ होतो. गोमंतकीय घरांत नेवऱ्या, कुलकुल, दोदोल यांची जोड मिळते. दिवाळीत शेजारच्या घरांतून फराळाची जी ताटे येतात, त्यांची परतफेड नाताळात होते. एकाच जिन्यावर राहणाऱ्या भिन्नधर्मीय कुटुंबांचा हा व्यवहार या शहराच्या सहजीवनाचा मोठा आधार आहे, आणि म्हणून काटकसर करावयाचीच झाली तर ती शेजाऱ्याच्या ताटात करू नये. किती घरी ताट जावयाचे याची नावनिशीवार यादी आधी करावी, म्हणजे किती किलो मैदा आणि किती खोबरे लागेल याचा अंदाज बरोबर येतो, आणि अखेरच्या दिवशी दुकानातून महागडे डबे आणण्याची पाळी येत नाही.

सामानाची बेगमी वर्षभर विभागून केल्यास तिचा भार जाणवत नाही. सांगली-तासगावचा बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तयार होतो, कोकणातील काजूचा हंगाम उन्हाळ्यात येतो. या दोन्ही वस्तू त्या सुमारास थोड्याथोड्या घेऊन शीतकपाटात ठेवाव्यात. दिवाळीपूर्वी सुक्या मेव्याला मागणी वाढते, तेव्हा त्या गर्दीत सापडू नये. नागपुरी संत्री बाजारात आली की त्यांच्या साली पाकवून केकसाठी ठेवता येतात. त्यांस साखरेपलीकडे खर्च नाही. केकचा मेवा रममध्ये अथवा संत्र्याच्या रसात भिजवावयाचा. रममधला काही आठवडे आधी भिजवता येतो, तर रसातला शीतकपाटात ठेवून अल्पावधीत वापरावा लागतो. लोणी, अंडी आणि मांस मात्र अखेरीसच आणावे लागते, आणि हिवाळ्यात अंड्यांचा भाव बहुधा चढतो. राखीव रक्कम ठेवावयाची ती याचसाठी. सोरपोतेलसारखा गोमंतकीय मांसाहारी पदार्थ दोन-तीन दिवस मुरल्यावर अधिक रुचकर होतो. तो आधी करून ठेवल्यास चोवीस तारखेची बाजारातील झुंबड टळते. घरी भट्टी नसताना मिश्रण तयार करून लष्कर भागातील बेकरीत भाजून आणण्याचा जुना रिवाज आजही काही कुटुंबे पाळतात, तोही काटकसरीचाच एक मार्ग होय.

भेटवस्तूंच्या बाबतीत साध्या गणिताने डोळे उघडतात. बारा जणांच्या एकत्र कुटुंबात प्रत्येकाने इतर अकरा जणांस भेट द्यावयाची म्हटले तर १३२ वस्तू होतात. प्रत्येकी २०० रुपये धरले तरी २६,४०० रुपये. त्याऐवजी चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकाच व्यक्तीस ४०० रुपयांपर्यंतची भेट द्यावी असे ठरविले, तर एकूण खर्च ४,८०० रुपयांवर येतो, आणि देणाराला त्या एका व्यक्तीच्या गरजेचा व आवडीचा विचार करण्यास सवड मिळते. लहान मुलांना या चिठ्ठ्यांतून वगळून त्यांच्यासाठी पुस्तक किंवा खेळणे स्वतंत्रपणे घ्यावे. आणि जरा मोठ्या मुलांना हिशेबाची वही मोकळेपणाने दाखवावी, म्हणजे एखादी मागणी का नाकारली गेली हे त्यांना कळते व नकाराचा दंश राहत नाही.

हे सारे नियोजन न झाले तर वाट ठरलेली असते: क्रेडिट कार्ड किंवा हप्त्यांवरील खरेदी. कार्डाची बाकी वेळेत न भरल्यास दरमहा साधारण तीन ते साडेतीन टक्के व्याज चढते. म्हणजे १०,००० रुपयांवर महिन्याला ३०० ते ३५० रुपये. जानेवारीपाठोपाठ घरभाडे, विम्याचा हप्ता आणि शाळेची फी यांची मागणी उभी राहते, आणि सणाचा आनंद कर्जफेडीत झिजू लागतो.

आणखी एक खर्च कोणत्याही वहीत मांडला जात नाही, तो म्हणजे गृहिणीच्या श्रमांचा. शेकडो कुलकुल वळणे, करंज्यांना मुरड घालणे, मध्यरात्रीपर्यंत तळणीपुढे बसणे, हे एकाच व्यक्तीवर पडू लागले तर ती काटकसर नव्हे, अन्याय आहे. कामाचीही वाटणी पैशाप्रमाणेच आधी ठरवावी. ते शक्य नसेल तर चकली-अनारशांसारखा एखादा जिन्नस बचत गटातील भगिनींकडून घ्यावा आणि त्याचे मोल घासाघीस न करता द्यावे.

सण उरकल्यावर, आठवण ताजी असतानाच, बाबवार प्रत्यक्ष खर्च ठरलेल्या आकड्यांशेजारी लिहून काढावा. कोठे अधिक गेले, काय वाया गेले, कोणास ताट पोहोचविण्याचे राहून गेले, हे त्यातून दिसते, आणि पुढील वर्षाचा मासिक हप्ता त्याच आधारावर ठरविता येतो. राखीव रकमेतून काही शिल्लक राहिली असेल तर ती जानेवारीच्या हप्त्यात मिळवावी आणि ताटांच्या यादीत आणखी एका घराचे नाव घालावे. आपल्या ऐपतीत राहून अधिकांना देता यावे, याचसाठी हा सारा जमाखर्च मांडावयाचा असतो.