जून ते गणपती: सहा लाख घाव

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळच्या अलीकडे, भर जुलैत, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मी एक खड्डा भरताना पाहिला. दोघे जण होते. एकाने घमेल्याने गढूळ पाणी उपसलं, दुसऱ्याने ओला मुरूम आणि खडी टाकली, फावड्याच्या पाठीने चार थापा मारल्या आणि ते पुढच्या खड्ड्याकडे गेले. मी मात्र तिथेच उभा राहून गाड्या मोजल्या. दहा मिनिटांत त्या जागेवरून चौदा अवजड ट्रक गेले.

चौदा म्हणजे फार नाहीत असं वाटतं. पण रात्रंदिवस हाच वेग धरला तर दिवसाला सुमारे 2 हजार ट्रक होतात. प्रत्येकाचे तीन अ‍ॅक्सल धरा, म्हणजे दिवसाला 6 हजार घाव. जूनपासून गणपती विसर्जनापर्यंत साधारण शंभर दिवस. एवढ्या काळात त्या दोन हात रुंदीच्या ठिगळावर 6 लाख वेळा चाक आदळतं.

या आकड्याचं वजन कळण्यासाठी एक जुना प्रयोग पाहावा लागेल. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 अशी दोन वर्षं सैन्याचे जवान मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवत होते. रस्ता किती ओझ्याने किती खचतो हे मोजण्यासाठी तिथे जवळपास 11 लाख 14 हजार अ‍ॅक्सल फेऱ्या झाल्या. रस्तेबांधणीचं आजचं बरंच शास्त्र त्या चाचणीवर उभं आहे. तिथे दोन वर्षांत झाली त्याच्या निम्म्याहून जास्त मारहाण आपलं ठिगळ एका पावसाळ्यात सोसतं, तेही पाण्यात बसून.

त्याच चाचणीतून चौथ्या घाताचा नियम निघाला. अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट न होता सोळा पट होतं. आपल्याकडे रस्त्याची जाडी ठरवताना 8.16 टनांचा अ‍ॅक्सल प्रमाण मानतात. छोट्या मोटारीच्या एका अ‍ॅक्सलवर सुमारे 600 किलो भार येतो. चौथा घात काढला की एका प्रमाण अ‍ॅक्सलच्या फेरीइतकं नुकसान करायला मोटारीच्या 34 हजार अ‍ॅक्सल फेऱ्या लागतात. म्हणजे 17 हजार मोटारी. प्रत्येकीला मागच्या-पुढच्या अंतरासह 6 मीटर जागा दिली तर ही रांग 102 किलोमीटरची होते. या महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा सगळा टप्पा 84 किलोमीटरचा आहे. पनवेलपासून इंदापूरपर्यंत चाकरमान्यांच्या गाड्या एकीमागे एक उभ्या राहिल्या आणि रांग आणखी 18 किलोमीटर पुढे गेली, तरी त्या सगळ्या मिळून भरलेल्या ट्रकच्या एका अ‍ॅक्सलची बरोबरी करतात. जुलै 2018 मध्ये चार टायरच्या एका अ‍ॅक्सलची कायदेशीर मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली. वाढ तेरा टक्क्यांच्या आत, पण चौथ्या घाताने नुकसान सुमारे 60 टक्क्यांनी वाढतं. गणपतीच्या गर्दीने रस्ता उखडला असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतः करून पाहावा.

आता पाणी. रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात साधारण 3 हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. साठ सेंटिमीटर लांब-रुंद खड्ड्यावर थेट आभाळातून 1,080 लिटर पाणी येतं, दोनशे लिटरची पाच पिंपं भरून वर उरेल इतकं. सात मीटर रुंदीच्या रस्त्याच्या एका किलोमीटरवर 2 कोटी 10 लाख लिटर पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे 2,100 टँकर. साइडपट्टी उंच आणि गटार तुंबलेलं असेल तर यातलं बरंचसं रस्त्यावरच मुक्काम करतं. पेण-अलिबागच्या खारेपाटात तर खालची मातीही खाडीची, मऊ, पाणी धरून ठेवणारी.

हे पाणी नुसतं साचून राहिलं असतं तर डांबर बरंच टिकलं असतं. पण ट्रकच्या टायरमध्ये चौरस सेंटिमीटरला सुमारे 8 किलोचा दाब असतो. भेगेत अडकलेल्या पाण्यावर चाक आलं की पाण्याला पळायला जागा उरत नाही आणि तोच दाब पाण्यात उतरतो. समुद्रात 80 मीटर खोलीवर असतो तेवढा दाब. ताशी साठच्या वेगात चाक तिथे सेकंदाच्या हजार भागांपैकी फार तर पंधरा भाग टेकतं. पाणी दाबलं जातं, सुटतं, पुन्हा दाबलं जातं, आणि दर फेरीला खडीवरचं डांबर थोडं थोडं सोलून काढतं. वडखळला फावड्याने थापटलेलं ते ठिगळ या पाण्यापुढे किती वेळ उभं राहणार?

साठ बाय साठ आणि आठ सेंटिमीटर खोल खड्डा 29 लिटरचा होतो. नीट दाबलेल्या मिश्रणात 5 टक्के पोकळी उरली तर दीड लिटरही पाणी शिरत नाही. नुसत्या थापा मारलेल्या मिश्रणात पोकळी 15 टक्के राहिली तर चार लिटरांहून जास्त पाणी आत घर करतं. सात टक्क्यांच्या वर पोकळीचा प्रत्येक टक्का रस्त्याचं आयुष्य सुमारे दहा टक्क्यांनी खातो, असा या धंद्यातला अंदाज आहे.

म्हणून खड्ड्यात काय भरायचं ते प्रमाणित असायला हवं, असा माझा आग्रह आहे. गरम डांबर रोलर फिरेपर्यंत 90 अंशांच्या वर राहावं लागतं. साठ-पासष्ट किलोचा छोटा ढीग पावसात काही मिनिटांत निवतो, शिवाय पावसाळ्यात बहुतेक डांबर प्लांट बंदच असतात. तेव्हा पिशवीतलं थंड मिश्रण वापरावं लागतं. त्यासाठी 1934 साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी 116 हे 2014 चं मानक आहे, डांबराच्या इमल्शनसाठी आयएस 8887 आहे. डांबर लावलेली खडी 40 अंशांच्या पाण्यात 24 तास बुडवायची आणि निदान 95 टक्के पृष्ठभागावर डांबर शाबूत राहायला हवं, ही चाचणी तर कुठल्याही प्रयोगशाळेत होते. निविदेत दर विचारतात तसा या चाचणीचा कागदही विचारला पाहिजे. पिशवीवरची तारीखही वाचली पाहिजे, कारण जुन्या पिशवीतला माल आतच आवळून बसतो.

कागद का लागतो, याचं उत्तर रायगडमध्येच सापडतं. डोलवीच्या पोलाद कारखान्यातला सुमारे 80 हजार टन स्लॅग, म्हणजे पोलाद बनवताना उरणारी मळी, वापरून केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली मुंबई-गोवा महामार्गाचा चौपदरी एक किलोमीटर बांधला गेला आणि जानेवारी 2024 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. वीस टनांच्या ट्रकने 4 हजार खेपा होतील एवढा हा माल. स्लॅग खडीपेक्षा जड आणि कणखर. पण त्यात मोकळा चुना उरला असेल तर पाणी मिळताच तो फुगून जवळपास दुप्पट होतो आणि रस्ता खालून उचलला जातो. प्रक्रिया करून तपासलेला आणि तसाच ढिगातून उचललेला, दोन्ही स्लॅग डोळ्यांना सारखेच दिसतात. याच संस्थेने स्लॅगपासून इकोफिक्स नावाचं तयार मिश्रणही विकसित केलं आहे, जे पाणी साचलेल्या खड्ड्यातही भरता येतं. कोकणाला याहून हवी अशी दुसरी वस्तू मला सुचत नाही.

माल चांगला असला तरी पद्धत पाळावी लागते. खड्ड्याच्या कडा चौकोनी कापायच्या, सैल खडी काढायची, हवेने झाडायचं, मिश्रणाला जसा लागतो तसा चिकट थर द्यायचा, थरांनी भरायचं आणि दर थरावर धुम्मस किंवा कंपन यंत्र चालवायचं. एका खड्ड्याला पंचवीस किलोच्या तीन पिशव्या पुरतात. एवढंही न करण्याची किंमत मोठी आहे: 2022 मध्ये देशात खड्ड्यांमुळे 1,856 माणसं गेली, रोज पाच. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मृतांच्या वारसांना 6 लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

वडखळच्या त्या ठिगळावरून मी चौथ्या दिवशी परत आलो. खडी कडेला उधळलेली होती, खड्डा बोटभर खोल झाला होता आणि कुणीतरी त्यात झाडाची फांदी खोचली होती. माझ्या हिशोबाने तोवर त्याने 24 हजार घाव खाल्ले होते. गणपतीला अजून दीड महिना बाकी होता.