राज्यकर्त्यांचा रोजमेळ

बुलढाणा जिल्ह्यातली माणसं आपला मुलूख दोन भागांत सांगतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड घाटाखालचं. दख्खनच्या इतिहासात हे गाव दोनदा रणांगण म्हणून येतं आणि दोन्ही वेळा प्रश्न राजांच्या गादीचा किंवा अब्रूचा असतो.

पहिली लढाई १४३७ ची. खानदेशचा नासिर खान फारुकी वऱ्हाडात घुसला तो लेकीसाठी. त्याची मुलगी बीदरच्या बहमनी सुलतानाला, अलाउद्दीन अहमदला दिली होती आणि जावयानं संगमेश्वरच्या राजाच्या मुलीपायी तिला बाजूला सारलं, हा त्याचा राग. बहमनी सरदार खलफ हसन यानं रोहिणखेडला त्याचा मोड केला आणि थेट बुऱ्हाणपुरापर्यंत पाठलाग केला. लढाईमागचं हे घरगुती कारण आपल्याला सांगतो फिरिश्ता. पण त्यानं विजापूरच्या दरबारात आपला इतिहास लिहिला तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. मधे सुमारे एकशे सत्तर वर्षं गेली होती. एवढ्या काळात लेकीच्या अपमानाची गोष्ट किती जणांच्या तोंडून फिरली असेल, याचा अंदाज ज्यानं त्यानं बांधावा.

दुसरी लढाई १५९०-९१ च्या सुमाराची. अहमदनगरच्या गादीवर इस्माईल नावाचा पोरसवदा निजामशहा होता आणि त्याच्या नावानं कारभार चालवत होता जमाल खान. इस्माईलचा बाप बुऱ्हाण स्वतःच्याच मुलाच्या गादीवर हक्क सांगत उत्तरेतून आला. खानदेशचा राजे अली खान त्याच्या मदतीला होता. रोहिणखेडच्या परिसरात गाठ पडली, जमाल खान गोळी लागून पडला आणि बुऱ्हाण निजामशहा झाला. त्या काळाची एक खूण गावात आहे. खुदावंद खान महदवीनं १५८२ मध्ये बांधलेली मशीद. पण लढाईच्या दिवशी जमाल खानाच्या छावणीत कोण आलं, कोण गेलं, हुकूम किती वाजता सुटला, हे मिनिटामिनिटानं सांगणारा कागद नाही.

गंमत अशी, की बुऱ्हाण ज्या दरबारात काही वर्षं आश्रयाला राहून आला होता, तिथे नेमकी हीच सोय होती. अकबराकडे चौदा वाकनवीस होते. रोज दोघांची पाळी. बादशहा कधी उठला, काय खाल्लं-प्यायलं, कुणाला भेटला, शिकारीला कुठे गेला, कोणता हुकूम दिला, कुणाला मनसब वाढवून दिली, हे सगळं टिपायचं हे त्यांचं काम. दिवसाची नोंद तपासली जायची, बादशहासमोर वाचली जायची, मग तिची नक्कल होऊन तिच्यावर एकाहून अधिक अधिकाऱ्यांच्या सह्या आणि शिक्के पडायचे. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त ही पद्धत पायरीपायरीनं नोंदवली आहे. एकट्याचा शब्द प्रमाण मानायचा नाही, ही काळजी त्यात उघड दिसते.

अकबर तेवढ्यावर थांबला नाही. आपल्या बापाच्या आणि आजोबाच्या काळाचा रोजमेळ हाताशी नव्हता. तेव्हा त्यानं हयात माणसांना आठवणी सांगायला लावल्या. त्याची आत्या गुलबदन बेगमनं हुमायूनची हकीकत लिहिली. हुमायूनच्या हातावर पाणी घालणारा जौहर आफताबची यानं आपल्या आठवणी लिहिल्या. हुमायूनच्या पदरचा बायजीद बयात म्हातारा झाला होता, शरीर साथ देत नव्हतं. त्यानं आपल्या आठवणी तोंडी सांगितल्या आणि लेखनिकानं उतरवून घेतल्या. हे सगळं ‘अकबरनाम्या’साठी. दिवसाची नोंद एका बाजूला आणि जवळच्या माणसांची आठवण दुसऱ्या बाजूला, अशी दुहेरी व्यवस्था रोहिणखेडची दुसरी लढाई झाली त्याच सुमारास लाहोरच्या दरबारात चालू होती.

महाराष्ट्रात या दोन बाजूंपैकी एकीची श्रीमंती अफाट आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले कोट्यवधी मोडी कागद आहेत. त्यांतल्या रोजकीर्दी उघडल्या, की ‘छ’ या अक्षरापुढे चांद्र तिथी, मुसलमानी महिना आणि अरबी सन दिसतो आणि खाली त्या दिवसाचा जमाखर्च, हुकूम, सनदा. गडावरच्या शिबंदीचा पगार, दुष्काळात माफ केलेला सारा, शेतकऱ्याला दिलेली तगाई, ब्राह्मणांची दक्षिणा, गुन्हेगाराकडून घेतलेला दंड, सगळं एकाच शाईत. गणेश चिमणाजी वाड यांनी या रोजनिश्यांतून निवडलेले उतारे १९०२ पासून नऊ खंडांत छापले गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी या रोजनिश्यांवर प्रस्तावनावजा निबंध लिहिला आणि त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: बखरींतून आणि इंग्रजांच्या इतिहासांतून मोहिमा नि कटकारस्थानं कळतात, लोक कसे जगत होते हे या रोजनिश्यांतून कळतं. पुढे गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले.

आठवणींची बाजू मात्र आपल्याकडे दैवावर सोडलेली. पानिपताची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. तिची सर्वांत नावाजलेली प्रत्यक्षदर्शी हकीकत काशीराज पंडितानं लिहिली आणि तीही १७८० च्या सुमारास, फारसीत. तो शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे अब्दालीच्या गोटातून लढाई पाहत होता. मराठ्यांच्या बाजूनं कोवळ्या वयाचा नाना फडणीस तिथे होता. तो कसाबसा परत आला आणि पुढे त्यानं आपल्या आयुष्याची छोटी हकीकत लिहून ठेवली. हजारो माणसं गेली आणि जी परतली, त्यांतल्या बहुतेकांना कुणी बसवून विचारलं नाही.

कागदाची सवय गावापर्यंत झिरपली, आठवणीची नाही. वऱ्हाडात जातीच्या दाखल्यासाठी धडपडणाऱ्या प्रत्येक घराला ‘कोतवाल बुक’ माहीत असतं. गावच्या कोतवालानं पूर्वी ठेवलेली जन्ममृत्यूची ही नोंद. तिची नक्कल तहसीलमधून काढताना आजोबाचं नाव, जन्माची तारीख आणि जात एका ओळीत सापडते. ग्रामपंचायतीत सभेचं इतिवृत्त असतं, तलाठ्याकडे गावनमुने असतात. ठराव मंजूर झाला हे इतिवृत्त सांगतं. सभेआधी पारावर काय ठरलं होतं, हे मात्र माजी सरपंचालाच ठाऊक.

अमेरिकेच्या अध्यक्षाच्या बाबतीत नोंद आणि आठवण ही दोन्ही कामं विसाव्या शतकात पगारी माणसांच्या हाती आली. व्हाइट हाउसमध्ये ‘डेली डायरी’ नावाचा तक्ता भरला जातो. अध्यक्ष निक्सनच्या काळचा नमुना पाहिला तर त्यात आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ, फोन केला की आला यासाठी वेगळा रकाना, आणि पुढे एका वाक्यात कृती: अमुक वाजता अध्यक्ष अमक्याशी बोलले. हा तक्ता अध्यक्ष स्वतः लिहीत नाही. खासगी सचिवांच्या नोंदी, टेलिफोन ऑपरेटरांच्या वह्या, सिक्रेट सर्व्हिसच्या पहारेकऱ्यांची टिपणं, असे धागे एकत्र करून डायरी लिहिणारा कर्मचारी तो दिवस उभा करतो. वॉटरगेट प्रकरणानंतर १९७८ मध्ये कायदा झाला आणि अध्यक्षाचे सरकारी कागद ही अध्यक्षाची नव्हे, देशाची मालमत्ता ठरली.

इतक्या काटेकोर व्यवस्थेतही भोकं पडतातच आणि ती भोकंच सर्वांत जास्त चर्चेत राहतात. निक्सनच्या कार्यालयातलं बोलणं टिपणाऱ्या २० जून १९७२ च्या ध्वनिफितीवरची साडेअठरा मिनिटं कोरी आहेत. वॉटरगेटच्या इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत झालेली घुसखोरी उघडी पडून तीनच दिवस झाले होते आणि निक्सन आपल्या मुख्य सहायकाशी, हॅल्डमनशी बोलत होता. सचिव रोझ मेरी वुड्स यांनी आपल्या हातून सुमारे पाच मिनिटं पुसली गेली असावीत असं सांगितलं. उरलेल्या मिनिटांचं कोडं सुटलं नाही. ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकी संसदेवर जमाव चालून गेला, त्या दिवशीच्या व्हाइट हाउसच्या फोननोंदींत सात तास सदतीस मिनिटांचं अंतर आढळलं. पहारेकरी, ऑपरेटर, सचिव एवढी माणसं असूनही कागद गप्प बसला, तेव्हा चौकशी समितीला माणसांनाच साक्षीला बोलवावं लागलं.

फितींचा एक तुकडा भारताशीही निगडित आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या, बांगलादेशचा प्रश्न पेटलेला होता. डायरीत भेटीच्या वेळा नीटनेटक्या आहेत. दुसऱ्या दिवशी निक्सन आणि किसिंजर आपापसांत त्यांच्याविषयी कोणत्या शिवराळ भाषेत बोलले, हे फितीवर होतं आणि ते २००५ मध्ये जगापुढे आलं.

आठवणी टिपायची पद्धत त्या देशात डायरीइतकीच शिस्तीची झाली. कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये मौखिक इतिहासाचं काम सुरू केलं. हॅरी ट्रूमन यांच्या ग्रंथालयानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या सहकाऱ्यांच्या मुलाखती घ्यायला घेतल्या. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरनं जिमी कार्टर यांच्यापासून एकेका अध्यक्षाच्या कारकिर्दीतल्या माणसांना बोलतं केलं. मुलाखत घेणारे आधी कागद वाचून येतात. ‘त्या बैठकीला तुम्ही उशिरा पोचलात असं डायरी सांगते, मग आधीचं तुम्हाला कुणी सांगितलं?’ असा प्रश्न विचारता यावा म्हणून. बोलणाऱ्यालाही एक संरक्षण असतं: अमुक वर्षांपर्यंत हे उघडू नका, अशी अट घालता येते. जॅकलिन केनेडी यांनी नवऱ्याच्या हत्येनंतर काही महिन्यांतच, १९६४ मध्ये, इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांच्यासमोर सात बैठकींत बोलून ठेवलं. ते छापून आलं २०११ मध्ये.

मराठी माणसासाठी याचं सर्वांत जवळचं उदाहरण कऱ्हाडच्या यशवंतराव चव्हाणांचं. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या युद्धात ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्ताननं छांब भागात रणगाडे घातले, तेव्हा त्यांनी युद्धाच्या दिवसांची डायरी ठेवली होती. १ सप्टेंबरच्या दुपारी हवाई दल वापरायला परवानगी देणं, हा त्या युद्धातला पहिला मोठा निर्णय होता आणि तो चव्हाणांनी फार वेळ न घालवता घेतला. त्यांचे खासगी सचिव राहिलेले राम प्रधान यांनी ही डायरी आपल्या विवेचनासह २००७ मध्ये पुस्तकरूपानं प्रसिद्ध केली. युद्ध आणि पुस्तक यांत बेचाळीस वर्षं गेली.

डायरी होती, सचिव जवळचा होता, म्हणून हे बाहेर आलं. चव्हाणांची स्वतःची आठवण मात्र अर्ध्यावर राहिली. आत्मचरित्र तीन खंडांत लिहायचा त्यांचा विचार होता. ‘कृष्णाकाठ’ हा पहिला खंड १९४६ पर्यंत येऊन थांबतो. नोव्हेंबर १९८४ मध्ये ते गेले. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस, पहिलं मुख्यमंत्रिपद, दिल्लीतली संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती, ज्यांसाठी लोकांना त्यांचं म्हणणं ऐकायचं होतं, ते खंड लिहून झालेच नाहीत.

१९६५ च्या युद्धातली आणखी एक गोष्ट आहे. पश्चिम विभागाचे सेनापती हरबक्ष सिंग यांनी पुढे लिहिलं, की लढाई ऐन भरात असताना लष्करप्रमुख जनरल चौधुरी यांनी सैन्य बियास नदीमागे घ्यावं असं सुचवलं आणि आपण ते मानलं नाही. सैन्य हटलं असतं तर पंजाबचा मोठा तुकडा हातचा गेला असता. ही हकीकत उभी आहे ती मुख्यतः हरबक्ष सिंग यांच्या शब्दावर. चौधुरी १९८३ मध्ये वारले, हरबक्ष सिंग १९९९ मध्ये. दोघांना समोरासमोर बसवून, तारखा पुढ्यात ठेवून विचारण्याची संधी केव्हाच गेली आणि अभ्यासक आजही या प्रसंगावर वाद घालतात.

मौखिक इतिहासाचं काम आपल्या देशात झालंच नाही असं नाही. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातल्या तेव्हाच्या नेहरू संग्रहालयानं साठच्या दशकापासून स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून टंकलिखित केल्या. पण भर राहिला लढ्यावर, राज्यकारभारावर कमी. मंत्र्याचा स्वीय सहायक, सचिवालयातला लघुलेखक, मुख्यमंत्र्यांचा वाहनचालक, बंगल्यावरचा टेलिफोन ऑपरेटर यांना विचारायचं असतं, हे अजून रुजलेलं नाही. जौहर आफताबचीला विचारणाऱ्या बादशहानं ते सोळाव्या शतकात ओळखलं होतं.

कागदाच्या भरवशावर राहण्यातला धोका मुंबईनं २१ जून २०१२ ला पाहिला. मंत्रालयाला आग लागली, पाच माणसं गेली आणि मजलेच्या मजले जळाले. त्यांत कितीतरी फायलीही गेल्या. जिथे नक्कल होती ती कामाला आली. जिथे नव्हती, तिथे ती फाईल हाताळलेल्या माणसाची आठवण एवढाच आधार उरला. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, त्या वर्षी सचिवालयात पंचविशीत रुजू झालेला कारकून आज नव्वदी ओलांडून गेला आहे. कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे डिसेंबर १९६७ मध्ये पहिला फोन कुणी उचलला, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं काढताना फाईल कोणत्या टेबलावर अडली आणि कुणी सोडवली, हे सांगू शकणारी माणसं सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. काही पुण्या-मुंबईच्या सदनिकांत असतील, काही निवृत्तीनंतर गावी परतली असतील. त्यांच्याकडे जाताना आज लागतो तो खिशातला मोबाइल, त्या काळच्या वर्तमानपत्रांची कात्रणं आणि तारखांची एक यादी.