शाराकू कोण होता?

मान पुढे ताणलेली, ओठ घट्ट आवळलेले, बुबुळं नाकाशी आलेली. आणि छातीजवळ कपड्यांच्या फटीतून बाहेर आलेले दोन पंजे, बोटं फाकलेली. हा माणूस आता समोरच्याच्या पैशांवर झडप घालणार, हे कुणी सांगावं लागत नाही. गुंडाचं नाव एदोबेई; भूमिका करणारा नट ओतानी ओनिजी तिसरा. नाटक लागलं होतं १७९४ साली एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, एका काबुकी नाट्यगृहात. लाकडी ठशांवरून छापलेल्या या चित्रावर सही आहे, तोशुसाई शाराकू.

त्याआधी हे नाव कुणीही ऐकलेलं नव्हतं. तरीही त्सुताया जुझाबुरो या प्रकाशकानं त्याची नटांची २८ मोठी व्यक्तिचित्रं एकदम बाजारात आणली, तीही अभ्रकाच्या चमकत्या काळसर पार्श्वभूमीवर. तीनच वर्षांपूर्वी सरकारी रोषामुळे त्सुतायाची निम्मी मालमत्ता जप्त झाली होती. असा माणूस एका अनोळखी हातावर एवढा पैसा लावतो, म्हणजे त्यानं त्या हाताची ताकद ओळखली असणार.

दहाएक महिन्यांत १४०हून अधिक चित्रं आली आणि १७९५च्या आरंभी सारं थांबलं. लाडक्या नटाचं देखणं रूप घरी न्यावं म्हणून लोक अशी चित्रं घेत. शाराकूनं मात्र वाकडी नाकं, ओघळलेले गाल दाखवले. स्त्रीपार्टी नटांच्या रंगाखालचा पुरुषी जबडाही लपवला नाही. त्याच काळातल्या ओता नानपो या लेखकानं कारण नोंदवून ठेवलंय: नटांना फार खरं दाखवायला गेला, म्हणून टिकला नाही.

पुढे चित्रं युरोपातल्या संग्राहकांच्या हाती लागली. १९१०मध्ये युलिउस कुर्थ या जर्मन अभ्यासकाचं शाराकूवरचं पुस्तक आलं, कीर्ती झाली आणि प्रश्न पेटला. हा होता कोण? नामवंत चित्रकार होकुसाई? उतामारो? की खुद्द त्सुताया? एवढं थोर काम एखाद्या सामान्य माणसाचं कसं असेल, हे गृहीत धरूनच बहुतेक तर्क लढवले गेले.

वास्तविक उत्तर १८४४ सालीच लिहिलेलं होतं. साइतो गेश्शिन यानं चित्रकारांच्या चरित्रसंग्रहात नोंद केली होती: शाराकू म्हणजे साइतो जुरोबेई, राहणार एदोतल्या हाच्चोबोरीचा, आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरचा, ‘नो’ या नाट्यप्रकारातला नट. पण ही नोंद अर्ध्या शतकानंतरची; हा जुरोबेई हाच्चोबोरीत खरोखर राहत होता, याचा पुरावा कुठे होता?

तो १९९७मध्ये सापडला, कोशिगायाच्या होकोजी मंदिरात. हे मंदिर पूर्वी एदोत होतं आणि स्थलांतरात त्याची मृत्यूनोंदवही टिकून राहिली होती. तिच्यात १८२० सालची एक नोंद निघाली: हाच्चोबोरीतल्या जिझोबाशीचा रहिवासी, आवाच्या सरदाराचा चाकर, साइतो जुरोबेई, वय ५८, दहन सेंजू इथे. नाव, वस्ती, धनी, तिन्ही जुळले! नोंदीत चित्रकलेचा उल्लेख नाही, तरी गेश्शिननं सांगितलेला माणूस कल्पित नव्हता, एवढं पक्कं झालं. आज बहुतेक अभ्यासक जुरोबेईच्याच बाजूनं आहेत.

२००८मध्ये ग्रीसच्या कोर्फू बेटावरच्या आशियाई कला संग्रहालयात एक पंखा पुढे आला. त्यावर दोन काबुकी नट, शाराकूच्या सहीचे, थेट कुंचल्यानं रंगवलेले. ठशांच्या चित्रांत आपल्यापर्यंत पोहोचते ती कोरणाऱ्याच्या सुरीतून गेलेली रेषा. इथे जपानी तज्ज्ञांना खुद्द त्याच्या हाताची रेषा मिळाली. प्रसंग १७९५च्या मे महिन्यातल्या प्रयोगाचा आहे. म्हणजे छापील चित्रं बंद पडल्यावरही त्याचा कुंचला थांबला नव्हता.

नो ही सामुराईंची प्रतिष्ठित कला, काबुकी शहरी रयतेची करमणूक. जुरोबेईनं ही वेस ओलांडली असेल, तर एदोबेईचे ते पंजे मला अधिक उमगतात. भूमिका अंगात शिरताना देह कसा ताठतो, हे रंगमंचावर उभ्या राहिलेल्या माणसाला ठाऊक असतं. शाराकूला समजून घ्यायला मोठ्या चित्रकाराचं टोपणनाव शोधायची गरजच नव्हती. एका साध्या नोकरदार नटाच्या नजरेवर विश्वास टाकायला हवा होता.