अणुभाराकडून अणुअंकाकडे : आवर्तसारणीतील विसंगत जोड्यांचा अन्वयार्थ

प्रस्तावना

पदवीच्या प्रथम वर्षाच्या रसायनशास्त्रात अणुरचना आणि आवर्तसारणी ही दोन प्रकरणे लागोपाठ शिकविली जातात. परंतु त्यांच्यातील नाते विद्यार्थ्यांच्या मनात क्वचितच स्पष्ट होते. मेंडेलीव्हच्या सारणीतील ‘दोष’ आणि मोस्लेने केलेले त्यांचे ‘निराकरण’ ही माहिती गुणांसाठी पाठ केली जाते. वस्तुतः मूलद्रव्याची ओळख नेमकी कशावरून ठरते, हा मूलभूत प्रश्न या तथाकथित दोषांत दडलेला आहे. प्रस्तुत लेखात तीन विसंगत जोड्यांच्या आधारे या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे.

अणुभाराचे यश

दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये आपली सारणी प्रसिद्ध केली तेव्हा ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन वा अणुकेंद्रक यांची कल्पनाही त्या काळी नव्हती. अणूविषयी प्रयोगाने मोजता येणारी सर्वांत विश्वसनीय राशी म्हणजे अणुभार. म्हणून मेंडेलीव्ह यांनी तोच पाया मानला. चढत्या अणुभारांनुसार मांडणी केल्यास ठराविक अंतराने गुणधर्मांची पुनरावृत्ती होते, हे त्यांनी दाखविले आणि जेथे योग्य मूलद्रव्य सापडले नाही तेथे जागा रिकामी सोडली.

या रिकाम्या जागांतील मूलद्रव्यांना नावे देताना त्यांनी संस्कृतातील ‘एक’ हा संख्यावाचक शब्द उपसर्ग म्हणून योजला, ही बाब मराठी विद्यार्थ्यांना विशेष जवळची वाटावी अशी आहे. एका-ॲल्युमिनिअम १८७५ मध्ये गॅलियमच्या, एका-बोरॉन १८७९ मध्ये स्कँडियमच्या आणि एका-सिलिकॉन १८८६ मध्ये जर्मेनियमच्या रूपाने प्रत्यक्षात आले. एका-सिलिकॉनचा अणुभार ७२ आणि घनता ५.५ असेल असे भाकीत होते; जर्मेनियमची आजची मूल्ये अनुक्रमे ७२.६३ आणि ५.३२ आहेत.

तीन विसंगत जोड्या

एवढे यश मिळूनही तीन ठिकाणी अणुभार आणि गुणधर्म यांत विरोध दिसत होता. पहिली जोडी टेल्युरियम (१२७.६०) आणि आयोडिन (१२६.९०) यांची. अणुभाराचा नियम काटेकोरपणे पाळल्यास आयोडिन हे गंधकाच्या गणात आणि टेल्युरियम हे हॅलोजनांच्या गणात जाईल, जे रासायनिकदृष्ट्या सर्वथा असंभवनीय होय. मेंडेलीव्ह यांनी गुणधर्मांना प्राधान्य देऊन टेल्युरियमला आधी ठेवले व त्याच्या अणुभाराचे मापन चुकले असावे असे मानले. मात्र नंतरच्या अचूक मापनांनीही तो आयोडिनपेक्षा अधिकच ठरला.

दुसरी जोडी कोबाल्ट (५८.९३) आणि निकेल (५८.६९) यांची. तिसरी जोडी १८९४ मध्ये रॅले व रॅम्से यांनी आर्गॉनचा शोध लावल्यानंतर पुढे आली : आर्गॉनचा अणुभार ३९.९५, तर पोटॅशियमचा ३९.१०. येथेही क्रम बदलल्यास अत्यंत क्रियाशील असा पोटॅशियम धातू निष्क्रिय वायूंच्या रांगेत बसेल. तात्पर्य, रसायनशास्त्रज्ञ योग्य क्रम ओळखत होते. परंतु तो क्रम ठरविणारी राशी कोणती, हे त्यांना सांगता येत नव्हते.

मोस्लेचा प्रयोग

रदरफर्ड यांनी १९११ मध्ये अणुकेंद्रकाची संकल्पना मांडली. सारणीतील स्थानाचा क्रमांक म्हणजेच केंद्रकावरील धनप्रभार असावा, असे अनुमान १९१३ मध्ये व्हॅन डेन ब्रूक यांनी व्यक्त केले. या अनुमानाला प्रयोगाचा आधार हेन्री मोस्ले या तरुण इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १९१३-१४ मध्ये दिला. निरनिराळ्या मूलद्रव्यांवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांतून निघणारे क्ष-किरण स्फटिकाच्या साहाय्याने विवर्तित करावयाचे व छायाचित्रण काचेवर उमटलेल्या रेषांवरून तरंगलांबी काढावयाची, अशी त्याची पद्धती होती. या किरणांच्या वारंवारतेचे वर्गमूळ एका मूलद्रव्याकडून पुढच्या मूलद्रव्याकडे जाताना समान अंतराने वाढते, असे त्याला आढळले.

हा नियम पुढील उदाहरणाने पडताळता येतो. लोह, कोबाल्ट, निकेल आणि तांबे यांच्या मुख्य क्ष-किरण रेषेची तरंगलांबी अनुक्रमे १.९४, १.७९, १.६६ आणि १.५४ अँगस्ट्रॉम आहे. वारंवारता तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असल्याने तरंगलांबीच्या वर्गमुळाचा व्यस्तांक घेतल्यास ०.७१८, ०.७४७, ०.७७६ आणि ०.८०६ ही मूल्ये मिळतात. त्यांतील फरक ०.०२९, ०.०२९ आणि ०.०३० म्हणजे जवळजवळ समान आहेत. याच चार मूलद्रव्यांचे अणुभार ५५.८५, ५८.९३, ५८.६९ आणि ६३.५५ आहेत; त्यांतील फरक मात्र ३.०८, उणे ०.२४ आणि ४.८६ असे येतात. पहिली मालिका पायऱ्यांप्रमाणे नियमित, तर दुसरी अनियमित आहे. पायरीपायरीने वाढणारी ही राशी म्हणजे केंद्रकावरील प्रभार, अर्थात अणुअंक होय. त्यानुसार कोबाल्टचे स्थान २७ वे आणि निकेलचे २८ वे, हे निर्विवाद ठरले.

या पद्धतीमुळे ४३, ६१ आणि ७५ हे क्रमांक रिक्त असल्याचेही दिसून आले. पुढे ऱ्हेनियम (७५) १९२५ मध्ये, टेक्नेशियम (४३) १९३७ मध्ये आणि प्रोमेथियम (६१) १९४५ मध्ये या जागांवर विराजमान झाले. मोस्ले मात्र १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या युद्धात वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी मृत्युमुखी पडला.

अणुभाराने दगा का दिला?

अणुअंक हा खरा आधार ठरल्यावर दुसरा प्रश्न शिल्लक राहतो : मग अणुभाराचा क्रम बहुतेक ठिकाणी जुळतो कसा आणि काही ठिकाणीच का बिघडतो? पाठ्यपुस्तके येथे बहुधा मौन पाळतात. याचे उत्तर सॉडी यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या समस्थानिकांच्या संकल्पनेत आणि चॅडविक यांनी १९३२ मध्ये शोधलेल्या न्यूट्रॉनमध्ये आहे. प्रोटॉनांची संख्या वाढते तसे केंद्रक स्थिर राहण्यासाठी सामान्यतः अधिक न्यूट्रॉन लागतात. म्हणून अणुभारही बहुधा वाढत जातो. परंतु अणुभार ही निसर्गात आढळणाऱ्या समस्थानिकांची सरासरी असल्याने ती त्यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. आयोडिनचे १२७ हे एकच स्थिर समस्थानिक आहे. टेल्युरियममध्ये मात्र १२८ आणि १३० या जड समस्थानिकांचे प्राबल्य आहे.

आर्गॉनचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. पृथ्वीच्या वातावरणातील सुमारे ९९.६ टक्के आर्गॉन हा आर्गॉन-४० असून तो मुख्यत्वे खडकांतील पोटॅशियम-४० च्या किरणोत्सारी ऱ्हासातून निर्माण झालेला आहे. या ऱ्हासाचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. याउलट पोटॅशियममध्ये सुमारे ९३ टक्के वाटा पोटॅशियम-३९ चा आहे. म्हणजे ज्या पोटॅशियमशी आर्गॉनचा क्रम बिघडतो, त्यानेच आर्गॉनला जड बनविले आहे. सूर्यावरील आर्गॉन मुख्यत्वे आर्गॉन-३६ या स्वरूपात असल्याने तेथील सरासरी घेतल्यास ही विसंगती उरतच नाही. अणुभार स्थळ आणि इतिहास यांवर अवलंबून राहू शकतो, अणुअंक मात्र सर्वत्र एकच असतो, हे यावरून स्पष्ट होते.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार

उदासीन अणूत प्रोटॉनांइतकेच इलेक्ट्रॉन असतात. आर्गॉनचे १८ इलेक्ट्रॉन २, ८, ८ असे, तर पोटॅशियमचे १९ इलेक्ट्रॉन २, ८, ८, १ असे मांडले जातात. या एका इलेक्ट्रॉनामुळे निष्क्रिय वायूपुढे क्रियाशील धातू येतो. अणुरचना आणि आवर्तसारणी यांचा सांधा येथे जुळतो. म्हणून वर्गात विसंगत जोड्या ‘दोषांची यादी’ म्हणून न सांगता त्यांच्यापासून विवेचनास प्रारंभ करणे अधिक उचित ठरेल. वर दिलेले चार धातूंचे गणित फळ्यावर अल्प वेळात सोडविता येते आणि नियम विद्यार्थ्यांना स्वतः शोधता येतो.

समारोप

मेंडेलीव्ह यांनी नियमाच्या अक्षरापेक्षा रासायनिक गुणधर्मांवर अधिक विश्वास ठेवला. त्यांचे स्पष्टीकरण चुकीचे ठरले, तरी निवडलेला क्रम योग्य ठरला. आज ११८ मूलद्रव्यांनी सातवे आवर्त पूर्ण झाले आहे आणि त्यांतील प्रत्येकाचे स्थान अणुअंकाने निश्चित झालेले आहे. नियमात न बसणारे निरीक्षण टाकून न देता जपून ठेवावे, कारण पुढील सिद्धांताचे बीज बहुधा त्यातच असते, हा संस्कार विद्यार्थ्यांवर करण्यास या तीन जोड्यांइतके समर्पक उदाहरण प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमात दुसरे क्वचितच आढळेल.