एका स्कूपमध्ये ताकद मिळते का?

आजचा विषय जिमला जाणाऱ्या अनेकांच्या बॅगेत असतो. व्यायामाच्या अर्धा तास आधी पाण्यात एक स्कूप टाकायचा, शेकर हलवायचा आणि गटागटा प्यायचं. थोड्या वेळात चेहऱ्याला मुंग्या येतात, छाती धडधडायला लागते आणि वाटतं, आज काही झालं तरी वजन उचलणारच! यालाच सगळे प्री-वर्कआउट म्हणतात. इंदूरची जिम असो, पुण्याची असो की हैदराबादची, डबा तोच.

प्रश्न साधा आहे. या स्कूपने स्नायूंची ताकद खरोखर वाढते का, की फक्त वाढल्यासारखी वाटते? खरं सांगायचं तर थोडं हे आणि बरंच ते. म्हणून आज आपण डबा उघडून त्यातला एकेक घटक बाहेर काढून पाहू.

पहिला घटक कॅफिन. होय, आपल्या चहा-कॉफीतलंच. आपण जसजसे जागे राहतो, तसतसा मेंदूत अडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. तो मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसला, की 'आता दमलास, थांब' असा निरोप मिळतो. रेल्वेच्या डब्यात कुणी आधीच रुमाल टाकून जागा अडवावी, तसं कॅफिन त्या जागा अडवतं. अडेनोसिन दारात उभं राहतं आणि थकव्याचा निरोप पोहोचत नाही. म्हणजे थकवा गेलेला नसतो, तो कळत नसतो, हे लक्षात ठेवा.

याचा फायदा खरा आहे. क्रीडा पोषणाचे अभ्यासक शरीराच्या दर किलो वजनामागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन हे परिणामकारक प्रमाण मानतात. ६० किलोच्या माणसासाठी ते १८० ते ३६० मिलिग्रॅम होतं. ताकदीत फरक पडतो, पण तो छोटा, काही टक्क्यांचा असतो. प्रत्येकाला तो सारखा मिळत नाही. शिवाय ही उसनी ताकद आहे. कॅफिन उतरलं की तीही उतरते.

आता तुलना करा. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनानुसार १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि दिवसभरात ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. बाजारातल्या कित्येक डब्यांच्या एकाच स्कूपमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम असतं. दोन स्कूप घेणाऱ्यांनी हिशेब स्वतःच करावा. दिवसभरातला चहा अजून धरलेलाच नाही!

दुसरा घटक बीटा-अ‍ॅलॅनिन. त्या मुंग्या येतात ना, त्या याच्यामुळे. अनेकांना वाटतं, मुंग्या आल्या म्हणजे पावडर 'लागली'. तसं काहीही नाही. बीटा-अ‍ॅलॅनिन त्वचेखालच्या नसांना चेतवतं, एवढाच त्या मुंग्यांचा अर्थ. स्नायूंवर त्याचं काम वेगळं आणि अतिशय संथ आहे. त्यापासून स्नायूत कार्नोसिन तयार होतं आणि जोराच्या व्यायामात वाढणारी आम्लता ते सावरून धरतं. पण त्यासाठी रोज ४ ते ६ ग्रॅम, तेही किमान दोन ते चार आठवडे घ्यावं लागतं. फायदा दिसतो तो एक ते चार मिनिटं चालणाऱ्या दमछाकीच्या कामात. एकदाच जास्तीत जास्त वजन उचलायचं असेल, तर त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणजे आज घेतलेल्या स्कूपमधल्या बीटा-अ‍ॅलॅनिनने आज मिळतात त्या फक्त मुंग्या.

तिसरा घटक सिट्रुलिन. यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि दंड फुगल्यासारखे दिसतात. आरशात बघायला छान वाटतं. अभ्यासांत साधारण ६ ते ८ ग्रॅम मात्रा वापरली जाते. काहींत दोन-चार रेप्स जास्त निघाल्या, काहींत काहीच फरक पडला नाही. फुगलेला दंड आणि ताकदवान दंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथा घटक क्रिएटिन. १८३२ साली शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांसातून तो वेगळा केला आणि १९९२ साली हॅरिस व सहकाऱ्यांनी दाखवलं, की तो खाल्ल्याने स्नायूतला साठा वाढतो. जड वजन उचलताना पहिल्या काही सेकंदांत लागणारी ऊर्जा पटकन भरून काढणं हे त्याचं काम. म्हणून सेटमध्ये एखादी रेप जास्त निघते. अशा जास्तीच्या रेप्स महिनोन्‌महिने साठत गेल्या, की खरी ताकद वाढते. २००३ साली २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. वजनांचा व्यायाम करणाऱ्यांत क्रिएटिन घेणाऱ्यांची ताकद सरासरी २० टक्क्यांनी वाढली होती आणि नुसती दिखाऊ पावडर घेणाऱ्यांची १२ टक्क्यांनी.

इथे दोन गोष्टी बघा. पहिली, क्रिएटिनला व्यायामाआधीची वेळ लागत नाही. रोज ३ ते ५ ग्रॅम, सकाळी घ्या की रात्री, तीन-चार आठवड्यांत साठा भरतो. मग ते महागड्या मिश्रणातून कशाला घ्यायचं? साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट वेगळं मिळतं आणि स्वस्त पडतं. शाकाहारी लोकांच्या स्नायूत हा साठा मुळात कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक जास्त जाणवू शकतो. दुसरी, तो १२ टक्क्यांचा आकडा विसरू नका. काहीही न घेता, नुसत्या व्यायामाने मिळालेली ती ताकद आहे!

आता सगळ्यात गंमतीचा घटक. तो डब्यावर छापलेला नसतो. २००८ साली इटलीतल्या संशोधकांनी काही जणांना पायाने वजन उचलायला लावलं. आधी एक पेय दिलं आणि सांगितलं, यात भरपूर कॅफिन आहे. त्यात कॅफिन नव्हतंच. तरीही त्यांच्या स्नायूंनी केलेलं काम जवळपास १२ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे भरवसाही वजन उचलतो. ही शरीरातली राखीव ताकद होती, ती डब्यातून आली नव्हती. आवडतं गाणं, 'उचल, उचल' म्हणणारा जोडीदार, नीट केलेला वॉर्म-अप, यांनीही मन असंच तयार होतं.

मग बिघडतं कुठे? रात्रीच्या झोपेत. आपल्यातले अनेकजण नोकरी आटोपून रात्री आठला जिम गाठतात. समजा, तुम्ही त्या वेळी २५० मिलिग्रॅमचा स्कूप घेतला. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे रात्री एक वाजता १२५ मिलिग्रॅम शिल्लक. एक कप कडक कॉफी पिऊन झोपायला जाण्यासारखंच ते. २०१३ च्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलेल्यांची झोप तासाभराहून अधिक कमी झाली होती.

आणि स्नायू जिममध्ये वाढत नाहीत. तिथे त्यांच्यावर ताण पडतो. वाढ होते ती नंतर, जेवणातून आणि झोपेतून. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी अंग जड, म्हणून स्कूप मोठा, म्हणून पुन्हा झोप कमी. आजच्या सेटसाठी आपण उद्याची ताकद गहाण टाकतो.

धोक्याचंही सांगतो. कोरडी पावडर तोंडात टाकून वर पाणी पिण्याची टूम निघाली आहे, ती मुळीच नको. ठसका लागून पावडर श्वासनलिकेत जाऊ शकते आणि सगळं कॅफिन एकदम अंगावर येतं. डब्यावर 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून एकच बेरीज दिली असेल, तर कुठला घटक किती हे कळायला मार्ग नाही. तो डबा ठेवून द्या. डीएमएए नावाचा उत्तेजक पूर्वी अशा मिश्रणांत सर्रास असे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली त्याविरुद्ध कंपन्यांना इशारे दिले. स्पर्धांत खेळणाऱ्यांनी तर डोळ्यांत तेल घालून पाहावं. चाचणीत बंदी असलेला पदार्थ सापडला, तर 'डब्यात काय होतं मला ठाऊक नव्हतं' हे म्हणणं चालत नाही.

रक्तदाब, हृदयाचे ठोके अनियमित असणं, सतत घबराट होणं, गरोदरपण किंवा अठराच्या आतलं वय, यांपैकी काही असेल तर या पावडरींच्या वाटेला जाऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर क्रिएटिनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड थांबेना, तर व्यायाम तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा.

मग करायचं काय? सकाळी व्यायाम करत असाल तर पाऊण तास आधी एक कप कॉफी पुरे. संध्याकाळी उशिरा जात असाल तर कॅफिन नकोच, एखादं केळं आणि पाणी घ्या. क्रिएटिन घ्यायचं तर साधं घ्या, रोज घ्या. डाळ, दूध, अंडी, पनीर, जे तुमच्या घरात चालतं त्यातून प्रथिनं पुरेशी जाऊ द्या. आणि एका वहीत दर आठवड्याला किती वजन, किती रेप्स, ते लिहून ठेवा.

स्कूप मुंग्या दाखवतो, वही ताकद दाखवते. तीन महिन्यांनी पहिलं पान उघडून बघा, तुमचं उत्तर तुम्हालाच मिळेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आज वेळेवर झोपा!