चालत्या सर्व्हरची कळ

रात्री दोन वाजता बँकेचा सर्व्हर मंदावला, तर तो बंद करून तपासणे परवडत नाही. बिघाड चालत्या अवस्थेतच शोधावा लागतो. जावाने त्यासाठीची सोय २००४ साली, पाचव्या आवृत्तीत थेट गाभ्यातच दिली: जेएमएक्स.

प्रोग्रॅममधली जी गोष्ट बाहेरून पाहता किंवा बदलता यावी, तिच्यासाठी एक छोटा ऑब्जेक्ट लिहायचा. त्याला एमबीन म्हणतात. एमबीन सर्व्हरकडे त्याची नावानिशी नोंद केली, की जेकन्सोलसारख्या साधनातून त्याचे गुणधर्म वाचता येतात, क्रिया चालवता येतात. हीप मेमरी किती भरली, थ्रेड किती चालू आहेत, हे जावा स्वतःहूनच सांगते. माझ्या मते खरी चैन लॉगच्या पातळीची आहे: सर्व्हर सुरू असतानाच ती वाढवायची, हवा तो तपशील मिळाला की पुन्हा खाली आणायची.

मात्र एमबीनच्या ज्या कळीने तुम्ही सर्व्हरची कॅश (मेमरीतला तात्पुरता साठा) रिकामी करता, ती दुसऱ्याच्याही हाती लागू शकते. जेएमएक्सचे पोर्ट बाहेरच्यांसाठी उघडताना पासवर्ड आणि एसएसएल दोन्ही ‘तात्पुरते’ बंद करण्याची खोड जुनीच. (तात्पुरते म्हणजे किती दिवस, हे कुठल्याही कचेरीत विचारा.) एमलेट नावाच्या जुन्या सोयीमुळे असा उघडा सर्व्हर परक्या पत्त्यावरचा कोडही आणून चालवू शकत असे.

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमधल्या, देखरेखीसाठीच्या अ‍ॅक्चुएटरमध्ये हाच धोका वेब पत्त्यांच्या रूपात येतो. हीपडंप, म्हणजे हीप मेमरीची प्रत, कुणी उतरवून घेतला, तर मेमरीतले पासवर्डही त्याच्यासोबत जाऊ शकतात. म्हणून २०१८ साली आलेल्या स्प्रिंग बूटच्या दुसऱ्या आवृत्तीपासून वेबवर मोजकेच पत्ते आपोआप खुले असतात, बाकीचे मुद्दाम खुले करावे लागतात. तरीही सेटिंगमध्ये एक तारकाचिन्ह (*) टाकून जवळपास सगळेच मोकळे करणारे महाभाग आहेतच.